तहानलेला कडा

गणपतीच्या मूर्तीतून उरलेला शाडू आजी ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवते. तो डबा मी मागितला. बरोबर एक टोस्ट, एक पसरट ताटली आणि एक चमचा. आजीने सगळं दिलं, पण "खाली वर्तमानपत्र घाला आणि नंतर तुमचं तुम्ही आवरा" असं बजावूनच.

धाकट्या नातीने शाडूचा गोळा ताटलीत थापून छान उंचवटा केला. वर सपाट, कडेने उतरता. त्यावर मी टोस्ट आडवा ठेवला.

"हे काय?" थोरला नातू म्हणाला. तो आठवीत आहे आणि हल्ली त्याला सगळंच लहान मुलांचं वाटतं.

"हे ओर्व्हिएतो. इटलीतलं गाव. रोमहून फ्लॉरेन्सच्या बाजूला रेल्वेने निघालं की तासा-सव्वातासाने खिडकीतून दिसतं. शेतं, द्राक्षांचे मळे, ऑलिव्हची झाडं, पालिया नावाची नदी, आणि मधेच सुरीने कापल्यासारखा उभा कडा. पन्नास-साठ मीटर उंच, चारी बाजूंनी. माथा मात्र सपाट, दीड किलोमीटर लांब. त्या माथ्यावर अख्खं गाव. हा टोस्ट म्हणजे कडा, शाडू म्हणजे त्याच्या खालची माती. आता गं, टोस्टच्या मधोमध चमच्याने पाणी घाल. थेंब थेंब. घाई केलीस तर गोष्ट बिघडेल."

ती जीभ दाताखाली धरून कामाला लागली आणि मी मागे गेलो. बराच मागे.

त्या जागी आधी समुद्र होता. समुद्राच्या तळाशी निळसर-करडी चिकणमाती साचत गेली. आजही ती माती उकरली की शिंपले निघतात, डोंगराळ मुलखात, समुद्रापासून इतक्या दूर. पुढे समुद्र हटला, जमीन वर आली. मग आला ज्वालामुखी. ओर्व्हिएतोच्या नैर्ऋत्येला पंधरा-वीस किलोमीटरवर बोल्सेना नावाचं भलंमोठं तळं आहे, एकशे चौदा चौरस किलोमीटरचं. आज तिथे लोक होड्या फिरवतात. तळं जिथे आहे तिथली जमीन खचली ती पोटातला लाव्हा आणि राख बाहेर पडून गेल्यामुळे. तिथल्या अनेक स्फोटांपैकी एक झाला सुमारे ३,३०,००० वर्षांपूर्वी.

"लाव्हा वाहत आला?" थोरल्याने विचारलं. पुस्तक बाजूला ठेवलं होतं, हे मी पाहिलं पण बोललो नाही.

लाव्हा नव्हे. डाळ उतू जाताना पाहिली आहेस ना? पातेल्यावर आधी फेस उंच चढतो, मग त्याला तोलवत नाही आणि तो कडेवरून खाली ओघळत सुटतो. तसंच. तापलेली राख, वायू, हलके सच्छिद्र दगड यांचा खांब आकाशात चढतो आणि आपल्याच वजनाने कोसळतो. मग ती राख जमिनीलगत, घोड्यांच्याही कैक पट वेगाने धावत सुटते, दऱ्या भरून काढते. ओर्व्हिएतोच्या मातीवर तिचा जाडजूड थर बसला. त्या थरातल्या काचेसारख्या कणांत उष्णता आणि पाणी अडकून राहिलं आणि त्यातून हळूहळू जिओलाइट नावाच्या खनिजाचे बारीक स्फटिक वाढले. आपल्याकडे पुणे, नाशिक, जळगाव भागात विहीर खणताना काळ्या दगडाच्या पोकळीत पांढरे, गुलाबीसर स्फटिक सापडतात, त्यांतले बरेच याच कुळातले. आपल्याकडचे शोभेचे, तिकडचे इतके सूक्ष्म की भिंगाशिवाय दिसायचे नाहीत, पण त्यांनी डिंकाचं काम केलं. जिथे ते नीट वाढले तिथे राखेचा दगड झाला, पिवळसर-तांबूस. त्याला म्हणतात टफ. तिकडचे लोक म्हणतात तूफो. जिथे वाढले नाहीत तिथे राख सुटीच राहिली. तिचं नाव पोझोलाना. चुन्यात ही राख मिसळली की पाण्याखालीसुद्धा घट्ट होणारा चुना तयार होतो. रोमन लोकांनी असल्या राखेवर बंदरं बांधली. एकाच स्फोटातून दगडही मिळाला आणि दगड सांधायचा मालही.

नंतर नद्यांनी चहूबाजूंनी हा थर कापत नेला आणि मधे एक तुकडा उरला. आपला टोस्ट.

"आजोबा, पाणी गेलं कुठे?" धाकटीने तक्रार केली. वीसेक चमचे ओतून झाले होते आणि टोस्टवर टिपूस नव्हता.

"घालत राहा."

आणखी सात-आठ चमचे झाले आणि ती ओरडली. टोस्ट आणि शाडू जिथे भेटतात त्या रेषेवरून पाणी पाझरत होतं. वरून नाही, मधून नाही, बरोबर त्या सांध्यातून. टफ पाणी पितो, पण धरून ठेवत नाही. ते खाली झिरपतं. खालची चिकणमाती मात्र पाण्याला वाटच देत नाही. मग पाण्याने जावं कुठे? आडवं. म्हणून ओर्व्हिएतोचे झरे कड्याच्या पायथ्याशी आहेत आणि गाव माथ्यावर.

आपल्या गडांवर हे दुःख कमी. सह्याद्रीचा काळा दगड घट्ट. चांगला कातळ निवडून टाकं खोदलं की पावसाचं पाणी उन्हाळ्यापर्यंत राहतं. आणि रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात लिहूनच ठेवलंय, आधी पाणी बघा, मग किल्ला बांधा. ओर्व्हिएतोला पंत भेटले नाहीत. तिथे लोकांनी आधी कडा बघितला.

हे पहिले लोक म्हणजे एट्रुस्कन. रोम मोठं व्हायच्या आधी मध्य इटलीत त्यांची शहरं होती आणि कड्यावरच्या या शहराचं त्यांचं नाव होतं वेल्झ्ना. त्यांच्या विहिरी आजही पाहायला मिळतात. विहिरी कसल्या, खिडकीएवढी आयताकृती भोकं, सरळ खाली पाताळात गेलेली. दोन्ही बाजूंच्या भिंतींत समोरासमोर खोबणी कोरलेल्या. एक पाय या भिंतीच्या खोबणीत, दुसरा त्या भिंतीच्या, असं फेंगडं होऊन माणूस उतरायचा, खणायचा आणि तसाच वर यायचा. मी काठाशी उभा राहून खाली पाहिलं आणि लगेच मागे सरकलो. माझे गुडघे या कामाचे नाहीत.

कड्याच्या पायथ्याशी त्यांचं स्मशान आहे, क्रोचिफिस्सो देल तूफो. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकातलं. टफच्या चिऱ्यांची घरंच ती, ओळीने, सरळ गल्ल्यांत, चाळीसारखी. प्रत्येक दाराच्या चौकटीवर घराण्याचं नाव कोरलेलं, उजवीकडून डावीकडे वाचायचं. मेल्यावरही पत्ता हवा.

इसवी सनापूर्वी २६४ मध्ये रोमन सैन्याने वेल्झ्ना घेतलं, उद्ध्वस्त केलं आणि उरलेल्या लोकांना कड्यावरून उतरवून बोल्सेनाच्या तळ्याकाठी नेऊन वसवलं. प्लिनी नावाचा रोमन लेखक एक जुना टोमणा नोंदवून ठेवतो: रोमने ही लढाई तिथल्या दोन हजार पुतळ्यांसाठी केली. पुढे कड्यावर पुन्हा वस्ती झाली तेव्हा लोक त्या जागेला नुसतंच 'जुनं शहर' म्हणू लागले, लॅटिनमध्ये उर्ब्स वेतुस. जिभेवर घासून घासून त्याचं ओर्व्हिएतो झालं. म्हणजे गावाला नाव असं नाहीच. आपल्याकडे नाही का, जुनं गाव, जुनी पेठ!

टफ मऊ. त्याला छिन्नी लागते. त्यामुळे तिथल्या लोकांनी अडीच हजार वर्षं एकच उद्योग केला: घराखाली खणायचं. खणलेल्या दगडाचं वर घर बांधायचं आणि खाली झालेल्या पोकळीत तळघर करायचं. त्या एवढ्याशा कड्याच्या पोटात सुमारे १२०० गुहा, भुयारं, तळघरं मोजली गेली आहेत. कुठे ऑलिव्हचा घाणा, कुठे कुंभाराची भट्टी, कुठे द्राक्षरसाची पिंपं. उन्हाळा असो की हिवाळा, आत हवा तशीच गार, त्यामुळे वाइन खूश.

आणि कबुतरं. काही गुहांच्या भिंतींना वीतभर रुंदीचे चौकोनी कोनाडे आहेत, शेकड्याने, पोस्टातल्या खणांसारखे. हे कबुतरांचे खण. प्रत्येक गुहेला कड्याच्या बाजूला एक खिडकी असते.

"कबुतरं? मुद्दाम पाळायची?" दोघांचेही चेहरे वाकडे झाले. आमच्या सोसायटीत कबुतरांना अडवायला जाळ्या लावल्यापासून घरात तो शब्द काढायची सोय नाही.

मुद्दाम. विचार करा, शत्रूचा वेढा पडलाय, दरवाजे बंद. बकरीला चारा लागतो, कोंबडीला दाणे. कबुतर खिडकीतून उडतं, शत्रूच्या तळावरून पलीकडच्या शेतात जातं, पोटभर खातं आणि संध्याकाळी स्वतःच्या पंखांनी घरी येतं. घरी परत येण्याची त्याची ओढ इतकी पक्की की दार बंद करावं लागत नाही. मालकाचा खर्च शून्य. मग एके दिवशी ते पातेल्यात जातं. धाकटीला हा भाग आवडला नाही, म्हणून मी पुढे सरकलो.

गावात शिरलं की सगळ्यात आधी डोळ्यांत भरतं ते कॅथेड्रल, मोठं चर्च. १२९० मध्ये पोप चौथ्या निकोलसने पायाचा दगड बसवला आणि काम तीनशे वर्षं रेंगाळलं. समोरची बाजू सोनेरी मोझेकने नुसती लखलखते आणि त्याखाली लोरेंझो मैतानीच्या काळातली दगडी शिल्पं, जग निर्माण झाल्यापासून ते शेवटच्या न्यायाच्या दिवसापर्यंत. आत लुका सिन्योरेल्लीची भित्तिचित्रं आहेत. मेलेली माणसं जमिनीतून हात टेकून वर येताहेत असं एक चित्र आहे, ते मी पाठ दुखेपर्यंत पाहिलं. पण मला सांगायचंय ते भिंतींबद्दल. बाहेरून पाहिलं तर भिंतींना पांढरे-काळे पट्टे, एकाआड एक. काळा दगड बेसॉल्ट, लाव्हा थिजून झालेला, आपल्या वेरूळ-अजिंठ्याच्या दगडाचा भाऊबंद. पांढरा ट्रॅव्हर्टाइन, गरम झऱ्यांच्या पाण्यातला चुना थरावर थर साचून झालेला. आगीतून आलेला एक, पाण्यातून आलेला एक. पट्टे कुणी रंगाची जोडी म्हणून घातले असतील. माझ्यासारख्या भूगर्भवाल्याला त्यात वेगळंच काही दिसतं, त्याला इलाज नाही.

त्याच चर्चमध्ये एक कापड जपून ठेवलंय. १२६३ मध्ये बोल्सेनाच्या देवळात एका पाद्र्याच्या हातातल्या पवित्र पोळीतून रक्त टपकलं आणि कापडावर पडलं, अशी श्रद्धा. पुढच्याच वर्षी पोप चौथ्या अर्बनने ओर्व्हिएतोतून फर्मान काढून त्या पोळीचा सण सगळ्या कॅथलिक जगात लावून दिला. आता दुसरी गोष्ट ऐका. १८१९ च्या उन्हाळ्यात, उत्तर इटलीत पादुआजवळ, एका शेतकऱ्याच्या घरी मक्याच्या पिठाचं पोलेंता लालभडक झालं. आपण उकड करतो ना, तसाच तो प्रकार. गाव हादरलं, करणी झाली म्हणू लागलं. बार्तोलोमेओ बित्सिओ नावाच्या औषधशास्त्राच्या जाणकाराने त्या लाल पोलेंत्याचा ठिपका ताज्या पोलेंत्यावर लावला, दमट जागेत ठेवला, आणि तेही लाल झालं. म्हणजे रक्त नव्हे, वाढणारा जीव! त्याने त्याला नाव दिलं सेराशिया. ओलसर पिठूळ अन्नावर हा जिवाणू लाल रंग तयार करतो आणि त्या रंगाचं शास्त्रीय नाव प्रोडिजिओसिन, म्हणजे चमत्काराचा रंग. बोल्सेनालाही हेच घडलं असावं असं काही शास्त्रज्ञांनी सुचवलं आहे. सुचवलंच आहे फक्त. मी त्या कापडासमोर उभा होतो तेव्हा शेजारी एक म्हातारी हात जोडून उभी होती आणि मी बित्सिओचं नाव काढलं नाही.

आता विहीर. तिच्यासाठीच मी गेलो होतो.

१५२७ च्या मे महिन्यात सम्राट पाचव्या चार्ल्सचं सैन्य, ज्याला पगार मिळाला नव्हता, रोमवर तुटून पडलं आणि शहर लुटलं. पोप सातवा क्लेमेंट किल्ल्यात अडकला. डिसेंबरात वेश बदलून तो निसटला आणि थेट ओर्व्हिएतोच्या कड्यावर आला. इथे त्याचे हाल झाले. इंग्लंडचा आठवा हेन्री बायकोला सोडायची परवानगी मागत होता. त्याचे वकील १५२८ मध्ये इथे येऊन पोहोचले तेव्हा पोप पडक्या खोल्यांत राहत होता. पण पोपच्या मनात एकच भीती: वेढा पडला तर पाणी? म्हणून त्याने आंतोनियो दा सांगाल्लो या वास्तुकाराला बोलावलं आणि सांगितलं, विहीर खण.

सांगाल्लोपुढे दोन कोडी होती. एक, संपूर्ण टफ भेदून झऱ्याच्या पातळीपर्यंत, म्हणजे पन्नास मीटरच्याही खाली जायचं. दुसरं, एवढ्या खोलीवरून गावापुरतं पाणी वर आणायचं कसं? दोराने पोहरे ओढून किती भागणार? खेचरंच खाली पाठवायला हवीत. पण अरुंद जिन्यात वर येणारं भरलेलं खेचर आणि खाली जाणारं रिकामं खेचर समोरासमोर आलं तर? गाढव आणि घोडी यांचं ते पोर, दोघांचाही हट्ट त्यात उतरलेला. कोणी मागे हटणार नाही.

मी कागदाची नळी केली आणि तिच्याभोवती दोन दोऱ्या गुंडाळल्या, एक लाल, एक पांढरी, लाल सुरू होते त्याच्या बरोबर समोरून पांढरी. दोन्ही गोल गोल खाली जातात, एकावर एक, पण कुठेच एकमेकींना शिवत नाहीत.

"डीएनए!" थोरला म्हणाला.

शाबास. पण डीएनएच्या दोन धाग्यांना पायरीपायरीला आडवे सांधे असतात. इथे सांधा एकच, अगदी तळाशी, पाण्यावर टाकलेला छोटा पूल. खेचर एका दाराने शिरायचं, २४८ रुंद, बुटक्या पायऱ्या उतरायचं, पुलावर पाणी भरून घ्यायचं, पलीकडच्या जिन्याने २४८ पायऱ्या चढून दुसऱ्या दाराने बाहेर. मधे कुणाची गाठ नाही. विहीर तेरा मीटर रुंद, मधली पोकळी आभाळाला उघडी आणि जिन्यांच्या आतल्या भिंतीला सत्तरेक खिडक्या. प्रकाश वरून पोकळीत पडतो आणि खिडक्यांतून जिन्यात शिरतो. उतरताना समोरच्या खिडकीत मला एक बाई दिसली, आम्ही दोघांनी हात हलवला. ती वर चालली होती, मी खाली, आणि आमचे जिने वेगळे. जसजसं खाली जावं तसा उजेड हिरवट होत जातो, भिंत गार लागते, आणि तळातून वर पाहिलं तर आभाळाचा कलदार रुपया.

काम संपलं १५३७ साली. क्लेमेंट १५२८ च्या उन्हाळ्यातच गाव सोडून गेला होता आणि १५३४ मध्ये वारलाही. ज्या वेढ्यासाठी विहीर खणली तो कधी पडलाच नाही! विहिरीला नंतर नाव पडलं संत पॅट्रिकची विहीर, आयर्लंडमधल्या एका अथांग म्हणवल्या जाणाऱ्या गुहेवरून. इटालियन लोक आजही कधीच न संपणाऱ्या साठ्याला संत पॅट्रिकची विहीर म्हणतात. काहींच्या खिशाबद्दल म्हणतात, आमच्या नव्हे.

पुढे नळ आले आणि पाणी इतकं झालं की १८८८ मध्ये त्याच्यावर गाडी चालवली. स्टेशनपासून गावापर्यंत उतारावर रूळ, दोरखंडाच्या दोन टोकांना दोन डबे. वरच्या डब्याच्या टाकीत पाणी भरायचं, तो जड होऊन खाली निघायचा आणि खालचा डबा वर ओढला जायचा. खाली पोहोचला की पाणी सोडून द्यायचं. ना कोळसा, ना धूर. १९७० पर्यंत चालली. १९९० पासून पुन्हा सुरू आहे, आता विजेवर.

"म्हणजे तहान भागली," धाकटी म्हणाली.

भागली, आणि तिथेच घात झाला. वर पाणी आलं म्हणजे सांडपाणीही आलं. जुने नळ, जुनी गटारं गळू लागली. ते पाणी कुठे जाणार? टफमधून खाली, मातीपर्यंत. ओल्या चिकणमातीचा उतार सरकू लागतो. कड्याच्या कडेचा आधार जातो. कडेला उभ्या भेगा पडतात आणि घराएवढे चिरे सुटतात. १९७० च्या दशकात दरडी इतक्या पडल्या की १९७८ मध्ये इटलीच्या संसदेने ओर्व्हिएतो आणि तोदी या दोन गावांसाठी खास कायदा केला. नळ-गटारं नवी घातली. कड्याला आडवी भोकं पाडून लांब पोलादी गज आत रोवले, सिमेंट भरलं, सुटू पाहणारी कड आतल्या दगडाला टाचून टाकली. उतारावर पाण्याला निचऱ्याच्या वाटा करून दिल्या.

दक्षिणेला थोड्या अंतरावर, त्याच राखेच्या थराच्या एका लहानशा तुकड्यावर चिविता दि बान्योरेज्यो नावाचं गाव आहे. १६९५ च्या भूकंपानंतर बरेच लोक उठून गेले. कडेची घरं एकेक करून दरीत गेली. एका घराचा दर्शनी भाग उभा आहे, खिडक्यांसकट, आणि खिडक्यांमागे नुसतं आभाळ. १९६५ पासून तिथे जायला एक अरुंद पायपूल आहे, गाडी जात नाही, आणि २०१३ पासून पुलावर तिकीट लागतं. कायमची माणसं मोजून डझनभर. मांजरं त्याहून जास्त.

"आजोबा, गेला." धाकटी ताटलीकडे बोट दाखवत होती.

टोस्टची एक कड फुगून, वाकून शाडूच्या उतारावर घसरली होती. खरा टफ असा पिठूळ होत नाही, तेवढी सूट टोस्टला द्यावी लागेल, पण कोसळायची जागा बरोबर होती. मी ताटली उचलायला गेलो तर थोरला म्हणाला, "थांबा." तो उठला, स्वयंपाकघरातून टूथपिकची डबी घेऊन आला, दुसरी लोंबणारी कड एका बोटाने वर धरली आणि बाजूने काडी आडवी आत घातली. टोस्टचा आणखी एक तुकडा पडला. त्याने दुसरी काडी घेतली, या वेळी जरा खालून आणि सावकाश.